हळहळ वेगळी, पश्चात्ताप वेगळा

मागच्या एपिसोडनंतर एक मेसेज आला: "दादा, जुनी सायकल विकायला काढलीये. दोनदा फोटो टाकले, दोनदा डिलीट केले. हा वेडेपणा आहे का?"

नाही रे. यावर चक्क प्रयोग झालेत. डॅनियल कानेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९९० मध्ये एक पेपर छापला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, काहींना दिले नाहीत. मगवाल्यांनी विकायची जी किंमत मागितली, ती घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. वस्तू आपली झाली की महाग वाटते.

पण ही झाली विकण्याआधीची गोष्ट. विकल्यानंतरचं मी सांगतो.

आमच्याकडे बाबांची ॲटलस होती. काळी, दांडीची, १९९४ ची. नववीत ती माझ्याकडे आली, तेव्हा सीट पूर्ण खाली करूनही माझे पाय टेकायचे नाहीत. बीटेकची चार वर्षं मी सांगली-मिरज तिच्यावरच केलं. दर दिवाळीआधी मिस्त्रीकडे ओव्हरऑइलिंग. (हा शब्द मूळ ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात कळलं, पण मिस्त्रीचाच जास्त बरोबर वाटतो.) सगळी सायकल खोलायची, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचं, चाकांचा आउट काढायचा. एकदा फ्रेमला मागे तडा गेला, तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने दहा मिनिटांत जोडून दिला. लोखंडाचं हे बरं असतं. ॲल्युमिनियमची फ्रेम अशी सहज जोडता येत नाही, वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली ताकदच कमी होते.

२०१९ ला मला बंगळूरला नोकरी लागली. बाबांचे गुडघे तोवर गेले होते. सायकल जिन्याखाली उभी, टायर बसलेले, रिमवर गंज. पेपर टाकणाऱ्या एका काकांना ती १,४०० रुपयांना दिली. आजही मी तेच करेन. चालती सायकल टिकते, उभी सायकल सडते. बाबाच म्हणाले होते, "देऊन टाक, कुणाच्या तरी पोटापाण्याला लागेल."

म्हणून मी याला पश्चात्ताप म्हणत नाही. पश्चात्तापाला चूक लागते. हळहळीला काही लागत नाही, ती नुसती येते.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० ला, ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम थांबलं. शेवटचा चालू कारखाना तो. आणि त्या दिवशी नेमका जागतिक सायकल दिन! बातमी मी बाबांना फॉरवर्ड केली. त्यांनी बघितली, उत्तर आलं नाही.

मग मागच्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओवाल्या ताई म्हणाल्या, आता हळूहळू सायकल चालवा. मी लगेच फोनवर गिअरवाल्या सायकली दाखवायला लागलो. बाबांनी चारपाच बघितल्या, चष्मा काढला आणि विचारलं, "ते पेपरवाले काका अजून तिथंच राहतात का रे?"

मंडळी, सहा वर्षांत या माणसाने त्या सायकलचं नावही काढलं नव्हतं.

काका तिथंच राहतात. पण त्यांनी आता स्कूटी घेतलीये. सायकल मिरजेच्या एका भाजीवाल्याला गेली, त्याने पुढे कुणाला दिली ते त्याला आठवत नाही. दोन रविवार मी मिरज मार्केटात काळ्या सायकलींच्या मागच्या फ्रेमवर वेल्डिंगचा जोड शोधत फिरलो. लोक संशयाने बघतात, साहजिक आहे. फ्रेम नंबर असता तर काम सोपं होतं, पण बिल १९९४ चं, ते कुठलं सापडायला!

तर मेसेजवाल्या मित्रा, विकायची तर खुशाल विक. फक्त त्याआधी सायकल उलटी कर. पायडलचा दांडा फ्रेममधून जातो ना, बऱ्याच सायकलींना त्याच्या खालच्या बाजूला नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर सीटखालच्या नळीवर बघ. फोटो काढ. घेणाऱ्याचा फोन नंबर घे आणि सांगून ठेव, पुढे विकाल तर आधी मला विचारा.

आणि सांगली-मिरजेकडचं कुणी ऐकत असेल, तर काळी ॲटलस, मागे डाव्या बाजूला वेल्डिंगचा जोड, घंटी बहुतेक नसेलच. दिसली तर कळवा. बाबांनी सीट किती उंच ठेवायची ते आत्तापासून ठरवून ठेवलंय.