नऊशे किलोमीटरचा बर्फाळ चढ



मघाशी खो-खोच्या संघाला बक्षीस देताना त्या मुलींशी दोन शब्द बोललो आणि ठरवलं की आज दक्षिण ध्रुवापर्यंत चालत गेलेल्या बायकांबद्दल बोलायचं.

फेलिसिटी ॲस्टन या ब्रिटिश मोहीमप्रमुख. २००९च्या मोहिमेसाठी त्यांनी राष्ट्रकुलातल्या देशांमधून महिला निवडल्या. आठशेहून जास्त अर्ज आले होते. निवडलेल्यांचे देश ऐका: ब्रुनेई, सिंगापूर, घाना, जमैका, सायप्रस, न्यूझीलंड. आणि भारतातून रीना कौशल धर्मशक्तू. रीना डोंगरात मुरलेल्या प्रशिक्षक होत्या, पण संघातल्या काही जणींनी त्याआधी पायात स्की कधी घातलीच नव्हती. शिरूरच्या उन्हात वाढलेल्या तुम्हाला मी ही गोष्ट सांगतोय ती त्यासाठीच. त्या नॉर्वेत जाऊन शिकल्या. पडल्या, उठल्या, तंबू उभारायला शिकल्या, हातमोजे न काढता स्टोव्ह पेटवायला शिकल्या.

समुद्रावर तरंगणाऱ्या रॉनी हिमफळीपासून ध्रुवापर्यंत सुमारे ९०० किलोमीटर. मुंबईहून नागपूरला जायला लागतं त्याहूनही जास्त, आणि सगळा चढ. ध्रुव समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचावर आहे, आणि तिथली जड, थंड हवा उतारावरून खाली वाहते ती थेट चालणाऱ्याच्या तोंडावर. वाऱ्याने कोरलेले बर्फाचे कडक उंचवटे वाटेत येतात, त्यांवर स्की अडकते. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोरामागे घसरगाडी. तिच्यात अन्न, इंधन, तंबू. डिसेंबरात सूर्य मावळत नाही, म्हणून दिवस संपला हे घड्याळच सांगतं.

या चालण्यात मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते घामाचं. जोरात चाललं की घाम येतो, थांबलं की तो कपड्यांतच गोठतो. म्हणून ताकद असूनही वेग आवरायचा, अंगावरचे थर वेळेत काढायचे आणि वेळेत चढवायचे. थोड्या थोड्या वेळाने थांबून काहीतरी खायचं, भूक लागो न लागो. मुक्कामाला पोचल्यावरही विश्रांती नाही. पाणी हवं तर आधी बर्फ वितळवायचा.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. नाकावर, गालावर पांढरा डाग उमटला की हिमदंश सुरू झाला. तो डाग स्वतःला दिसत नाही आणि तिथली जाणीवही गेलेली असते. मागून येणारीने पुढचीच्या तोंडाकडे पाहायचं आणि लगेच सांगायचं. जमैकाच्या सदस्येच्या बोटांना हिमदंश झाला, तेव्हा तिला ध्रुवाची वाट सोडावी लागली. केवढं दुःख झालं असेल! पण बोटं वाचवणं हाच शहाणपणा होता, आणि तिला थांबवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. वाटेवरच्या बाकीच्या जणी डिसेंबर २००९च्या अखेरीस ध्रुवावर पोचल्या. स्कीवरून दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या रीना पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

आपल्या मराठी मुलुखाचंही या बर्फाशी नातं आहे. नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या डॉ. अदिती पंत १९८३च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. तिथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी त्या एक, दुसऱ्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. पंतांना तिथल्या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास करायचा होता. आणि पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर पॅराशूटने उडी घेतली, २००६ मध्ये अंटार्क्टिकावर.

आता कामाचं बोलतो. डोंगर शिकायचा असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे, तो आधी करा. आणि ज्यांना संशोधनाच्या कामासाठी बर्फात जायचंय त्यांनी गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अंटार्क्टिकावर आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं आहेत. तिथे शास्त्रज्ञ लागतात, तसेच डॉक्टर, स्वयंपाकी, वीजतंत्री आणि डिझेल इंजिन दुरुस्त करणारेही लागतात. दौंड-शिरूरच्या आयटीआयमधल्या मुलांनी हे शेवटचं वाक्य नीट ऐकावं. कार्यक्रम संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना काही विचारायचंय त्यांनी वही घेऊन या.