काजळीचे माप आणि गॅरेजचे बिल



पेण-रोह्याकडे जाऊन आलो, म्हणून आज कापसाच्या भावाऐवजी पिकअपच्या सायलेन्सरवर बोलणार आहोत. हसू नका. कापूस जिनिंगला जातो तो याच गाडीतून, आणि गाडी अडली की पहिला हात पडतो तो कापसाच्या पैशावर.

१ एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल गाड्या बीएस-सहाच्या आल्या. धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी बसली. गाळणीच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक, अशा दोन बारीक नळ्या दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे जातात. दोन दाबांतला फरक वाढला की गाळणी तुंबली असे गाडीचा कॉम्प्युटर धरतो, आणि जादा डिझेल सोडून सहाशे अंशांच्या आसपास काजळी जाळतो.

पेण, वडखळ, रोहा अशा थोडक्या, थांबतथांबत केलेल्या फेऱ्यांत गाळणी पुरती तापत नाही. वर कोकणचा पाऊस. जोडणीच्या पिना गंजतात, नळीत ओल धरते. आपल्याकडे तेवढा पाऊस नाही. उंदीर मात्र आहेत, आणि जिनिंगच्या रांगेत इंजिन चालू ठेवायची खोड आहे.

दिवा लागला, गाडीचा जोर गेला, की ‘गाळणी बदला’ म्हणतात. तो खर्च एकरभर कापसाला झेपत नाही. आधी स्कॅनरवरचा कोड कागदावर लिहून मागा. पी २४५२ ते २४५५ आला तर तक्रार सेन्सरची किंवा त्याच्या वायरची. पी २४६३ असेल तर खरोखर काजळीची. मग चावी चालू, इंजिन बंद ठेवून दाबाचा फरक बघायला सांगा. तो शून्याजवळ हवा. इंजिन बंद असताना दाब कसला? तरीही आकडा दिसला तर सेन्सर खोटे बोलतो आहे.

नळ्या गाडी थंड झाल्यावरच काढा. चिरलेली बदला, तुंबलेली साफ करा, अदलाबदल करू नका. सेन्सरमध्ये हवेचा फवारा मारू नका, आतला पडदा फाटतो. नवा सेन्सर बसवला तर स्कॅनरवरून त्याची नोंद करून घ्या. गाळणी पोकळ करून देणाऱ्याला दारात उभे करू नका. ते बेकायदा आहे.

आणि काजळी जळत असताना गाडी पऱ्हाटीवर किंवा कडब्याजवळ उभी करू नका. सायलेन्सर तेव्हा चुलीसारखा तापलेला असतो.