इजिप्तचे दगड आणि चांद्याचा परकोट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला इजिप्तच्या सहलीवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. याच शाळेत दहा मिनिटं गप्प बसायला सांगायचे, त्यामुळे मी ही बढती समजतो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं फेब्रुवारीत इजिप्तला गेलो. निघताना प्रत्येकाने उन्हाची भीती घातली. मे महिन्यात 46-47 अंश काढणाऱ्या चांद्याच्या माणसाला उन्हाची कसली भीती! तिथला फेब्रुवारी आम्हाला चक्क सुखाचा वाटला.

आधी गिझाचे पिरॅमिड पाहिले. खुफूचा पिरॅमिड साधारण साडेचार हजार वर्षांचा. मूळ उंची 146 मीटर आणि दगड अंदाजे 23 लाख. फोटोत तो वाळवंटाच्या मधोमध एकटा दिसतो. प्रत्यक्षात शहर त्याच्या अगदी जवळ येऊन ठेपलं आहे. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला घरं आणि दुकानं. आपल्या जटपुरा गेटमधून ऑटो, स्कूटर आणि वराती जातात, त्याची आठवण झाली. पुढे लक्सरला कर्नाकच्या मंदिरात 134 खांबांचा मंडप आहे. मान वर करून बघताना हिची टोपी दोनदा पडली.

पण मनात राहिलं ते अबू सिंबेल. दुसऱ्या रॅमसेसने तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी डोंगरात कोरून घेतलेलं मंदिर. आस्वानचं मोठं धरण बांधायचं ठरलं तेव्हा ते पाण्याखाली जाणार होतं. युनेस्कोने जगाला हाक दिली. 1964 ते 1968 या काळात ते मंदिर कापून, त्याचे हजाराहून अधिक तुकडे करून, सुमारे 65 मीटर उंच जागी पुन्हा जसंच्या तसं जोडलं. त्यासाठी अनेक देशांनी पैसा दिला, माणसं दिली. त्याच मोहिमेच्या काळात, 1961-62 मध्ये, बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्वज्ञांचं पथक न्यूबियात अफियेला उत्खननासाठी गेलं होतं. ज्यांचे ते पूर्वज नाहीत, ज्यांचा तो देव नाही, अशा लोकांनी ते मंदिर वाचवलं.

आमच्या गटात पुण्याची एक मंडळी होती. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे ताडोबाशिवाय काय आहे?" मी बसमध्येच अर्धा तास घेतला. चार वेशी आणि पाच खिडक्यांचा गोंड राजांचा परकोट, वेशींवरचे हत्ती आणि सिंह, राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधी, भद्रावतीची विजासन लेणी. आणि मार्कंडा! वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते तिथला तो मंदिरसमूह. आपण दहावीला होतो तेव्हा मार्कंडाही आपल्याच जिल्ह्यात होतं. गडचिरोली वेगळा झाला 1982 मध्ये. शिवरात्रीच्या यात्रेला आपल्यापैकी किती जण बैलगाडीने, एस.टी.ने गेलेले आहेत! तिथे मूळ 24 मंदिरं होती असं सांगतात. आज उभी आहेत ती त्याहून बरीच कमी.

मित्रांनो, दगड आपल्या जोरावर टिकत नाही. कोणीतरी तो टिकवायचं ठरवतं, तेव्हाच तो टिकतो. आपला परकोट झाडाझुडपांत हरवला होता. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या मुलांनी कुदळ-फावडं हातात घेतलं आणि महिनोन्‌महिने तो साफ केला. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला, तेव्हा आपल्यातले निम्मे लोक पुण्या-मुंबईत बसून अभिमानाने मेसेज फॉरवर्ड करत होते. अभिमान चांगलाच आहे. पण झुडपं पुन्हा दर पावसाळ्यात उगवतात आणि पिंपळाची मुळं बुरुजाच्या फटीत शिरतात. एकदा साफ करून भागत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपण पुढच्या वेळी भेटू तेव्हा एक सकाळ हॉलमध्ये न घालवता पठाणपुरा वेशीपासून परकोटाच्या कडेने चालू. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी ऑटोने यावं, चहाची व्यवस्था त्यांच्याकडे. नातवंडं ताडोबा बघायला येतातच. त्यांनाही सोबत आणावं. वाघ दिसेल की नाही हे नशिबावर असतं, परकोट मात्र दिसणारच. तो दाखवताना बीरशहाची आणि हिराईची गोष्ट त्यांना सांगावी. इतिहासाच्या तासाला आपल्या सरांनी जशी रंगवून सांगितली होती, तशी.

सर समोर बसलेच आहेत. माझं काही चुकलं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करतील.