बिडी सुटली, पण छाती तपासली का?

(निपाणी परिसरातील मराठी भाषकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आपण सीमाप्रश्नाच्या दाव्यावर बोलतो, मराठी शाळांवर बोलतो, मराठीतून कागदपत्रे का मिळत नाहीत यावर बोलतो. आज आम्ही फुप्फुसाच्या कर्करोगावर बोलणार आहोत. विषय वेगळा वाटेल, पण माणसे आपलीच आहेत.

निपाणी म्हटले की तंबाखू. १९८१ साली तंबाखूच्या रास्त भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, आपली माणसे गेली. त्या लढ्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या काळी बैठक असो, मोर्चा असो की कोठडी, प्रत्येकाच्या खिशात बिडीचे बंडल असायचे. तेव्हाचा पंचविशीतला कार्यकर्ता आज सत्तरीत आहे.

असाच आमचा एक जुना सहकारी गेल्या वर्षी गेला. खोकला सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले, जुना बिडीचा खोकला आहे. मग एका दवाखान्यात एक्स-रे बघून, थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सात महिन्यांनी सीटी स्कॅन झाला तेव्हा रोग हाडापर्यंत गेला होता. त्याने बिडी सोडून दहा वर्षे झाली होती. आम्हीच त्याला म्हणायचो, सोडलीस ना, आता घोर नाही. हे आमचे चुकले. बिडी सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होतो, पण पुसला जात नाही.

या रोगाची खोड अशी की सुरुवातीला काहीच दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून लक्षण नसतानाच तपासण्याचा मार्ग शोधला गेला. अमेरिकेत सुमारे दीड लाख लोकांच्या अभ्यासात दरवर्षी एक्स-रे काढून पाहिले. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०११ साली स्पष्ट झाले. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासाचा निकाल आला. बरीच वर्षे सिगारेट ओढलेल्या ५३ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांचा कमी किरणांचा सीटी स्कॅन दरवर्षी एक, असा तीन वेळा केला, निम्म्यांचा एक्स-रे. स्कॅनच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. २०२० साली नेदरलँड्स-बेल्जियमच्या अभ्यासात पुरुषांमध्ये ही घट २४ टक्के दिसली.

यावरून अमेरिकेत २०२१ पासून असा सल्ला आहे: वय ५० ते ८०, रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षे किंवा अर्धे पाकीट याप्रमाणे ४० वर्षे सिगारेट ओढलेली, आणि अजून ओढत असेल किंवा सोडून १५ वर्षे झालेली नसतील, तर दरवर्षी हा स्कॅन करावा.

हे माप सिगारेटचे आहे, आपल्या बिडीचे नाही. बिडीत तंबाखू कमी म्हणून ती हलकी, असे कोणी समजू नये. ती विझू नये म्हणून दम जोरात आणि वरचेवर मारावा लागतो. टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच पोटात जाते. तेव्हा डॉक्टरांना "थोडी ओढायचो" एवढेच सांगू नका. दिवसाला किती बिड्या, किती वर्षे, कधी सोडली, हे नीट सांगा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या अमेरिकन अभ्यासात एकूण सुमारे चौथ्या हिश्शाच्या स्कॅनमध्ये काहीतरी दिसले, आणि त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक कर्करोग नव्हते. आपल्याकडे तर जुन्या क्षयाचे डाग पुष्कळांच्या छातीत असतात. म्हणून जत्रेसारखे शिबिर भरवून सरसकट स्कॅन करणे आम्हाला मान्य नाही. छातीच्या डॉक्टरांशी आधी बोलावे, आणि पुढच्या तपासण्यांची सोय जिथे आहे तिथेच स्कॅन करावा. ज्याला खोकला हटत नाही, थुंकीतून रक्त येते, वजन उतरते, त्याने तर वाटच पाहू नये. थुंकी तपासून घ्यावी आणि डॉक्टरांना सीटी स्कॅनबद्दल स्पष्ट विचारावे.

आता सरकारकडे. केंद्राच्या कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. फुप्फुस त्यात नाही. आमची मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या बिडी-सिगारेटची नोंद व्हावी, आणि ज्याला धोका जास्त त्याचा स्कॅन जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावा. ज्या तंबाखूवर सरकारने वर्षानुवर्षे कर घेतला, त्यातून एवढे मागणे जास्त नाही.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने ८६५ सीमागावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय केला, आणि कर्नाटक सरकारने हरकत घेतली. आमचे दोन्ही सरकारांना सांगणे आहे, २००४ चा दावा कोर्टात चालू द्या, पण रुग्णाला त्यात ओढू नका. छातीतली गाठ कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही.

कोणी म्हणेल, हे शेतकऱ्याच्या आणि बिडी वळणाऱ्या भगिनींच्या पोटावर पाय देणे आहे. तसे नाही. त्यांच्या भावासाठी आणि मजुरीसाठी आम्ही लढलो, पुढेही लढू. पण आपल्याच माणसाला खोकत मरू देणे ही काही त्यांची सेवा नव्हे.

शेवटी एक काम. प्रत्येक शाखेने महिनाभरात पन्नाशीपुढच्या सभासदांची यादी करावी. चार रकाने: वय, दिवसाला किती, किती वर्षे, कधी सोडली. यादी शाखेत नुसती ठेवू नका. ज्याला गरज आहे त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. जे अजून ओढतात त्यांनी आजच सोडावी. कोणत्याही वयात सोडली तरी फायदा आहे. पुढच्या मेळाव्यात आम्ही आधी या यादीचा हिशेब विचारू, भाषणे नंतर.