तारेची परतीची वाट

चेंबूरच्या टिळकनगरासारख्या वसाहतीत, जेथे इमारती जवळजवळ उभ्या आहेत, तेथे घरोघर पोहोचणारी एक वाट गच्चीवरून गेली. ती म्हणजे केबलची काळी तार.

१९९१ साली आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून दिसू लागली, आणि ही तार झपाट्याने पसरली. ती ओढली गल्लीतल्या केबलवाल्याने. १९९५ च्या कायद्याने त्यास पोस्टात नोंदणी करणे भाग पडले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले; परंतु ते टेलिफोनच्या तारेने येई, आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडून राही. तेव्हा तयार असलेल्या केबलनेच संगणक का जोडू नयेत, असा विचार सुचणे स्वाभाविक होते.

विचार सोपा, व्यवहार मात्र तसा नव्हे. या तारेत तेव्हा प्रत्येक वाहिनीस कंपनसंख्येची निराळी पट्टी नेमलेली असे. एखादी मोकळी पट्टी संगणकांच्या संदेशांस देता येते व मोडेम ते संदेश वेगळे करतो. अडचण परतीची. चित्रवाणीचा प्रवाह केबलवाल्याकडून घराकडे, आणि वाटेतली वर्धकयंत्रेही बहुधा एकाच दिशेची. घरून संदेश धाडावयाचा तर ती बदलून दुतर्फा चालणारी बसवावी लागतात. शिवाय एका घरच्या सैल जोडातून शिरलेला गोंगाट परतीच्या वाटेवर साऱ्या शेजाऱ्यांस बाधतो. १९९७ मध्ये डॉक्सिस हे प्रमाण निघाल्यावर निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांशी जुळू लागली.

मुंबईत पुष्कळ केबलवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. जुन्या तारेशेजारून ईथरनेटची स्वतंत्र तार नेली. तिचा एक पल्ला सुमारे १०० मीटरचा. म्हणून मध्ये मध्ये स्विच बसविले. म्हणजे उपयोगी पडले ते तांब्यापेक्षा गच्चीवरची वाट, सोसायटीची परवानगी आणि दारोदारची ओळख.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक मुलांची शाळा अशाच तारांवरून घरी आली. आता तेथे काचतंतू येत आहे. वाट तीच आहे. ती वाट एकाच कंपनीस बांधून देणाऱ्या सोसायटीत सेवा बिघडली, तर विद्यार्थ्याने दाद कोठे मागावी? तारा बदलतील, मालकही बदलतील. गच्ची सर्व सभासदांची आहे; तिच्यावरून जाणारी वाटही सर्वांस खुली ठेवावी, यातच शहाणपण आहे.