हाकेला धनी नाही

एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. तिथला संगणक सकाळी नीट चाले, पण तासाभराने माऊस अडखळू लागे. बंद करून चालू केला की पुन्हा नीट. गुरुजींनी दोन माऊस बदलले, आणि शेवटी सातवीतल्या एका मुलावर ठपका आला : "यानेच काहीतरी केलं." मुलगा मान खाली घालून उभा. खरा दोष कुठे होता, तेच आज सांगतो.

संगणकाला जोडलेल्या साधनांना काम पडले की ती प्रोसेसरला हाक देतात. तिला इंटरप्ट म्हणतात. वर्गात पोर हात वर करते आणि गुरुजी विचारीपर्यंत तो वरच धरते ना, तसेच समजा. १९९२ साली आलेल्या पीसीआय पद्धतीत या हाकेच्या तारा चारच. म्हणून एकाच तारेवर दोघेतिघे बसतात. हाक आली की प्रत्येकाला विचारायचे, "तू बोलावलंस का रे?"

पुढे पीसीआय एक्सप्रेस आली. तिच्यात हाकेच्या तारा नाहीत, निरोप आहेत : "हात वर झाला", "हात खाली आला". जुने कार्ड नव्या यंत्रात बसवायचे तर मध्ये पुलाची, म्हणजे ब्रिज चिप लागते. ती तारेवरची हाक निरोपात घालते. आता हा निरोप्या दुसरा निरोप द्यायलाच चुकला तर? कार्डाने हात केव्हाच खाली घेतलेला, पण प्रोसेसरला तो वरच दिसतो. विचारावे, तर जो तो म्हणतो, "मी नाही!"

लिनक्स प्रणाली याचा हिशेब ठेवते, बरं का. १,००,००० हाकांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारशी निघाल्या, की ती हाकेची ती वाटच बंद करते आणि तशी नोंद करते. त्याच वाटेवर माऊसचा यूएसबी जोड असला, तर त्या निरपराध्याचीही हाक बंद. म्हणून तो अडखळतो.

मग शोध कसा घ्यावा? आधी प्रणालीच्या नोंदींत बंद झालेला क्रमांक पाहा. मग इंटरप्टांच्या यादीत त्या क्रमांकावर कोण कोण आहे, ते पाहा. नंतर यंत्र बंद करून जुने कार्ड काढा आणि दिवसभर वाट पाहा. एका वेळी बदल एकच करा. त्रास थांबला, तरी कार्डाला लगेच दोष देऊ नका. पूल नसलेल्या जुन्या यंत्रात ते बिनतक्रार चालले, तर संशय पुलावर घ्यावा. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवल्यास हाकेची वाट बदलू शकते आणि माऊस वाचतो. पण खरा उपाय म्हणजे पुलावरून न जाणारे, नव्या पद्धतीचे कार्ड.

त्या शाळेत आम्ही हेच केले. जुने कार्ड जुन्या यंत्रात बिनतक्रार चालले. तेव्हा गुरुजींनी त्या मुलाला हाक मारली, हातात पेचकस दिला आणि म्हणाले, "चुकलं माझं. नवं कार्ड तूच बसव."