मोटारसायकलचा क्लच

मोटारसायकल घाट चढूं लागली, एंजिनाचा आवाज वाढला, पण वेग मात्र वाढेना, असें झालें कीं क्लचच्या प्लेटा जळाल्या असा निकाल देऊन बहुतेक गृहस्थ मोकळे होतात. पुष्कळदां हा निकाल घाईचा असतो.

बहुतेक मोटारसायकलींत या प्लेटा तेलांत राहून स्प्रिंगांच्या दाबानें एकमेकींस घट्ट धरून असतात. मुठीजवळचा लिव्हर ओढला कीं केबल तो दाब दूर करते. केबल फार ताणलेली असेल तर हात सोडल्यावरही पुरता दाब परत येत नाहीं. प्लेटा घसरतात, तापतात आणि झिजतात. म्हणून लिव्हरच्या बुडाशीं २ ते ३ मिलिमीटर ढील आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. ढील अति झाली तर क्लच पुरता सुटत नाहीं व गिअर टाकतांना गाडी हिसका मारते. दोन्हींवर उपाय एकच : नट सैल करून केबलचा अ‍ॅडजस्टर फिरविणें. केबलचे तंतू तुटूं लागले असतील तर मात्र काटकसर नको. ती तुटते ऐन रहदारींतच!

दुसरा संशयित म्हणजे तेल. मोटारींच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात. त्यांनीं धडधाकट क्लचही घसरूं शकतो. जपानांत १९९८ सालीं ठरलेल्या मानाची ‘जासो एमए’ ही खूण डब्यावर पाहून घ्यावी.

एवढ्यानेंही न भागलें, तरच झांकण उघडावें. निळसर पडलेल्या पोलादी प्लेटा अति तापल्याची साक्ष देतात. नव्या घर्षण-प्लेटा तेलांत भिजवूनच बसवाव्या, आणि स्प्रिंगांचे स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावे.